कोपऱ्यातली बनाबाई

आमच्या शिवाजी पेठेतला केरबा पेंटर तुमाला ठावं हाय. आता फ्लेक्स छापतोय, पण हात अस्सल ब्रशचा. त्याच्यावर गुदरलेलं सांगतोय. ते मोबाईल ठेवा खाली, मगच सांगतो.

कागलजवळ एक लहान चर्च हाय. तिथं वेदीमागं कापडावर काढलेलं मोठं चित्र. इटलीतल्या जुन्या चित्रावरनं केरबाच्या गुरुजींनी काढलेलं. मधी निळा पदर घेतलेली मरिया माता, मांडीवर बाळ, बाळाच्या मुठीत पाखरू. गुरुजी सांगायचं, पाखरू म्हंजे बाळाच्या नशिबातलं दुःख. मांडणी त्रिकोणी, माता आन् दोन्हीकडचं देवदूत बघत्यात ते बाळाकडंच. आन् तिकडची रीत अशी, की चित्राचा खर्च करणारा कोपऱ्यात गुडघं टेकलेला, लहानसा दाखवायचा. गुरुजींनी तिथं बनाबाई बसवली. चाळीस वर्सं चर्च झाडणारी बाई. ह्या जागंला खरा हात हिचाच लागलाय, म्हणालं. केरबा तवा शिकाऊ. मावशी, मावशी करत दोन महिनं तिच्या हातची भाकरी खाल्ली त्यानं.

गेल्या साली बनाबाई वारली. चित्राला ओल लागली. दुरुस्तीचा खर्च द्यायला गणपतराव म्हणून एक पुढारी आलं, आन् म्हणालं, कोपऱ्यात माझा चेहरा पायजे. केरबाला वावगं वाटलं न्हाय. फ्लेक्सवर खालचं शुभेच्छुक तो रोजच बदलतोय की! बनाबाईचं तोंड त्यानं खरवडलं, वर गणपतराव काढलं. पण घरी जेवाय बसला, तर भाकरीचा घास गिळवंना. लाज वाटली गड्याला.

तेवीस डिसेंबर, मंगळवार. गणपतरावाच्या डोळ्यांतला पांढरा ठिपका तेवढा राहिलता, तो द्यायला केरबा तिन्हीसांजेला गेलता. फादर किल्ली दिऊन कामाला गेलं. साडेसातला लाईट गेली. केरबानं मोबाईलची बॅटरी लावली, ब्रश उचलला... आन् थांबला.

मरिया बाळाकडं बघत न्हवती. देवदूत न्हाय. बाळ बी पाखराकडं न्हाय. समदी खाली बघत हुती. केरबाच्या मागं. फरशीवर.

मागं झाडू फिरला. सर्र... सर्र...

थांबला.

मग गुडघं टेकल्याचा आवाज. म्हाताऱ्या माणसाची हाडं वाजत्यात, तसा.

केरबाला वळवंना.

"मावशी... चुकलो गं."

...



टर्पेंटाइनचा बोळा घिऊन त्यानं गणपतरावाचं वलं तोंड पुसलं. खाली कोरं कापड. तिथं बनाबाई काढाय लागला. तिचं हात आठवलं, भाकरी आठवली. तोंड... तोंड काय आठवंना. रडला गडी तिथंच.

ती जागा आजबी कोरी हाय. गणपतराव भांडून गेलं. चित्रातली समदी परत पहिल्यासारखीच बघत्यात. फादर फरशी रोज पुसून, कुलूप लावून जात्यात.

आन् सकाळी उघडावं, तर चित्रासमोर दोन वल्या खुणा. गोल. गुडघ्याएवढ्या.