टाकीवरची घोंगडी

"माझ्याकडे खून झालाय," बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

"किती जणांचा?" वहिनींनी विचारलं.

"मोजता येणार नाहीत. जंतू होते."

भाऊजींना चहाचा जोरदार ठसका लागला. गावातली एकुलती एक खासगी गुप्तहेर आपली वहिनी आहे, याचा त्यांना अभिमान होता. पण जंतूंचा खून म्हणजे अतीच झालं.

बाई रसायनतज्ज्ञ होती. मोडीत निघालेल्या मोबाइल-कॉम्प्युटरांचा चुरा करून ती टाकीत टाकायची आणि तिचे जंतू त्यातलं तांबं पाण्यात उतरवायचे.

"दुपारी कारखानदार बघायला येणारेत. टाकी मेलेली दिसली तर काम गेलं. मग माझा दादा पुन्हा भंगार वितळवायची भट्टी पेटवणार. त्या धुरानंच आमच्या वडिलांची, आप्पांची छाती गेलीय. डॉक्टर म्हणालेत, त्या धुरात आणखी एक हिवाळा त्यांना सोसणार नाही."

वहिनींनी पर्स उचलली. "चला, भाऊजी. चहा राहू द्या."

टाकीतलं पाणी हिरवट निळं होतं. वर जाड घोंगडी पडलेली होती आणि हवेची प्लास्टिकची नळी काठापाशी वितळली होती.

"घोंगडी कोणाची?"

"घरातलीच. सकाळी आले तेव्हा टाकीवर होती. कोणी तरी टाकी लपवली असणार."

"पाण्यात काही ओतलंय?"

"नाही. तपासलं मी. आंबटपणा तसाच आहे, पण एकही जंतू जिवंत नाही. गारठ्यानं सुस्तावलेत, असं कालच जेवताना सगळ्यांना सांगत होते मी."

दादा नुकताच ट्रकमधून उतरला होता. "कालच्या जेवणानंतर माल घेऊन गेलो, तो आत्ता येतोय. भट्टी म्हणाल तर वर्षभर थंड आहे."

वहिनींनी भट्टीच्या राखेत बोट घातलं आणि पटकन काढलं. शेजारी एक सळई उभी होती. तिचं खालचं टोक तांबूस दिसत होतं.

"गंजलीय बिचारी," भाऊजी म्हणाले.

आप्पा अंगणात नुसत्या सदऱ्यावर बसून खोकत होते.

"थंडी वाजत नाही?" वहिनींनी विचारलं.

"भट्टीवाल्याला कसली थंडी!" आप्पा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

वहिनींनी सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं.

"दादाच!" भाऊजी कुजबुजले. "भट्टी त्यालाच हवी होती."

"दादा गावात नव्हता, आणि राख तर गरम आहे. म्हणजे पहाटे दुसऱ्याच कोणी भट्टी पेटवली." त्यांनी सळई रुमालानं घासली. टोक लखलखलं. "गंज असा चमकत नाही, भाऊजी. तांबं उतरलेल्या पाण्यात लोखंड बुडवलं की त्याच्यावर तांबं चढतं. ही सळई टाकीत गेली होती, आणि पुन्हापुन्हा तापवून गेली होती. ती काठाला टेकली, म्हणून नळी वितळली."

"उकडून मारलं?" दादा म्हणाला.

"मारायचं असतं तर जाताना कोणी घोंगडी घातली असती का? ऊब टिकावी म्हणून घातली ती. आणि इतक्या थंडीत या घरात एकच माणूस घोंगडीवाचून बसलाय."

आप्पांनी मान खाली घातली. "तू म्हणालीस गारठलेत. आज तुझी परीक्षा. मला भट्टीपलीकडे दुसरं काय येतं गं?"

बाई त्यांच्या पायाशी बसली. तिला रडू आवरेना. "बेणं ठेवलंय, आप्पा, नवीन जंतू वाढतील. पण दुपारपर्यंत नाही हो!"

"कशाला हवेत दुपारपर्यंत?" वहिनी म्हणाल्या. "काम उरकून गेलेत ते. तांबं अजून पाण्यातच आहे. आप्पा, दुसरी सळई आहे?"

दुपारी कारखानदार आले. सकाळी काय झालं ते बाईनं काही न लपवता सांगितलं. मग आप्पांनी घोंगडी पांघरून कोरी सळई टाकीत धरली. वर काढली तेव्हा तिच्यावर लालसर तांबं होतं. पाहुण्यांनी ती हातोहात फिरवली आणि पुढच्या महिन्यापासून भंगार पाठवायचं कबूल केलं.

ते गेल्यावर दादा भट्टीपाशी गेला.

"आप्पा," तो म्हणाला, "चिमणी उद्या उतरवतो."

"आजच उतरव," आप्पा म्हणाले. "विटा उचकटायला सळई मी धरतो."