बारवेला पाय लावायचा न्हाई

बसा कडूबाई. पाटलीणबाई आमच्या दारी आल्या, अन् त्याबी दिवेलागणीला, म्हणजे काम तसंच असंल. तुमच्या गावच्या बारवेच्या पायऱ्या बंद करा म्हणून डाक्टरसाब मागं लागलेत, अन् गाव म्हणायलंय की पाण्यातल्या आसरा कोपतील. बरोबर हाय न्हवं? आमच्यातबी हेच झालं. ऐका मंग. पण मधीच 'अगं बया' करून उठू नका.

आमच्याकडं नारू किती होता ते तुमाला काय सांगायचं! उन्हाळा लागला की घरोघरी एकजण बाजेवर. पायाला फोड यायचा, फुटायचा, अन् आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत निघायचा. तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत बसायचं. तुटला की पाय सडलाच. माझ्या घरधन्याचा गुडघा त्यापायीच आखडला. थोरली भैन पारूअक्का तर त्यातच गेली. मला आई न्हवती, अक्कानंच वाढवलं होतं मला. माझी लेक वच्छी तेवढी अजून साफ होती. रोज तिचे तळपाय चाचपल्याबिगर मला झोप यायची न्हाई.

त्या साली निजाम सरकारचा डाक्टर आला. चावडीपुढं त्यानं फोड करून सांगितलं. आग होते म्हणून नारूचा माणूस पाय बारवेत बुडवतो, जंत तिथंच पिलं सोडतो, अन् तेच पाणी तुमी घागरीनं घरी नेता. पायऱ्यांवर भिंत घाला, वरनं रहाटानं पाणी ओढा, फडक्यानं गाळून प्या. पाण्याला माणसाचा पाय लागता कामा नये. एवढं सरळ होतं बगा.

व्यंकटी गवंड्यानं भिंत धरली. पण सकाळी बघावं तर वरचे दगड काढून बाजूला ठेवलेले. एका माणसानं आत उतरावं एवढीच फट. दोनदा असं झालं. तिसऱ्या दिवशी मी त्याची भाकर घेऊन गेले, तर हा थापी-ओळंबा गोळा करून वर निघालेला.

"आसरांना पसंत न्हाई, बाई. मला लेकरंबाळं हायेत."

"अन् मला काय मांजरं हायेत?"

थांबला न्हाई तो. दुसऱ्या दिवशी डाक्टर येणार होता. भिंत उभी नसली तर सरकारी चुना दुसऱ्या गावाला जाणार, अन् आमची बारव तशीच उघडी. मी पदर खोचला, चुना कालवला, दगड जागच्या जागी बसवले अन् भिंतीला पाठ लावून पायरीवर बसले. म्हटलं, आसरा असोत न्हाईतर त्यांचा बाप, बघू कोण काढतंय!

भर दुपार होती. वर ऊन रटरटायलं होतं, खाली गारठा अन् शेवाळाचा वास. कपारीतली पारवं घुमायलेली, ती एकदम गप झाली. मंग दुसराच वास आला. जखमेवर गरम करून बांधलेल्या धोत्र्याच्या पानांचा. दोन महिने ती पानं मी माझ्या हातानं बांधली होती, कडूबाई. तो वास मी कसा इसरीन?

वरनं आवाज आला. थप्... अन् मागून काहीतरी घासत आल्यासारखं. थप्...

पायरीवर कुणीबी न्हवतं. तापल्या दगडावर ओलं पाऊल तेवढं उमटायलं होतं. डाव्या पायाचं. एकेक पायरी उतरत माझ्याकडं येत होतं.

"धुरपे... सरक."

आवाज पारूअक्काचा.

"पायाची लय आग व्हायलीय गं... एकदाच बुडवू दे..."

माझ्या पाठीमागचा दगड हलला. मी अंगाचा भार टाकून तो रेटून धरला. पाठ सोलून निघाली, पण सोडला न्हाई.

"तुला मी खाऊ-पिऊ घातलं, धुरपे..."

मी रडायलेच. म्हटलं, "अक्का, माझा जीव माग. हे पाणी मागू नको. वच्छी हेच पाणी पिती."

मंग गार बोटं माझ्या घोट्यावरनं फिरली. तळपाय चाचपला. मी डोळे मिटून घेतले अन् जोरात म्हटलं, "घरी ये. मागच्या दारी तुझ्यासाठी बादली भरून ठेवते. जलमभर ठेवीन. पण बारवेला आता पाय लावायचा न्हाई. तूबी न्हाई!"

डोळे उघडले तवा पावलं वर गेलेली होती.

भिंत टिकली. रहाट लागला, डाक्टरनं पाण्यात लाल दवा टाकली. दुसऱ्या उन्हाळ्यापासून गावात एकाच्याबी पायात नारू निघाला न्हाई. वच्छी आता परकर सावरत गावभर हुंदडती.

बादली मात्र रोज भरून ठेवते. सांजच्याला तिच्यात पांढरे दोरे वळवळत असतात. ते पाणी उकळून मी चुलीच्या राखेत ओतते, वढ्याला जाऊ देत न्हाई. भ्या वाटतंय हो, रोज वाटतंय. पण करते.

खरं सांगू का, तुमी आला नसता तर मीच तुमच्याकडं येणार होते. आठ दिसांपासून बादलीपाशी अक्काच्या पावलाशेजारी दुसरी पावलं उमटायलीत. लेकराची. तुमच्या गावच्या वाटेनं येतात अन् त्याच वाटेनं परत जातात. तुमच्यात एवढ्यात कुणाचं लेकरू गेलं का?

न्हाई?

नीट आठवा, कडूबाई. एकबी न्हाई...?

मंग ते लेकरू अजून जित्तं हाय. उठा. तो कंदील घ्या हातात. व्यंकटीला मी हाक मारते. चुना आत्ताच न्यायचा.