मामंजींची धावपट्टी

भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, थापा मारतात. पण फक्त वजनाबद्दल आणि पगाराबद्दल. ही गोष्ट दोन्हींबद्दल नाही. तेव्हा खरंच धरा.

भावोजी भाड्याची छोटी विमानं उडवतात. खाणीशेजारची एक आखूड धावपट्टी. भर दुपार. पाऊस नुकताच थांबलेला.

तिथेच आदल्या वर्षी त्यांचे गुरू गेले. त्यांना सगळे 'मामंजी' म्हणत, कारण त्यांच्या शेजारचा को-पायलट नव्या सुनेसारखा मान खाली घालून बसे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा मामंजींचा नियम. त्या दिवशी विमान उतरताना निम्मी पट्टी मागे पडली, तेव्हा को-पायलटने नियम मोडला.

"सर, परत वर घ्यायचं?"

"गप्प बस, पोरा."

पट्टी संपली. कुंपण संपलं. मग खाण.

कंपनीने कचेरीत मामंजींचा फोटो लावला. खाली लिहिलं, 'शिस्त'. को-पायलटचा फोटो लावायला भिंत उरली नव्हती.

तर त्या दुपारी भावोजींच्या शेजारी को-पायलट म्हणून एक नवी मुलगी होती. मागे चार प्रवासी. पट्टी समोर आली.

"सर, वेग जास्त आहे."

"दिसतंय मला."

आणि हेडफोनमधला आवाज गेला...

इंजिनाचा नाही. फक्त तिचा.

तिचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. त्याऐवजी कानाशी कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं...

"उतरव."

हा आवाज भावोजी झोपेतही ओळखतील.

निम्मी पट्टी मागे गेली. चाकं अजून हवेतच.

परत वर जायला इंजिनाचा थ्रॉटल पुढे ढकलायला हवा होता. हात हलेना. हातावर दुसरा हात होता... जड. ओला.

"मला जमलं नाही ते तुला जमणार? आलाय मोठा शहाणा."

कुंपण दिसायला लागलं.

मुलीने भावोजींचा हात फटका मारून झटकला आणि थ्रॉटल पुढे लोटला. विमान कण्हत वर उठलं. चाकाला तार घासल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

दुसऱ्या खेपेला तिनेच उतरवलं. प्रवाशांनी उतरताना विचारलं, मीटिंगला उशीर झाला त्याची भरपाई कोण देणार?

ते गेल्यावर ती भडकली. "तीनदा ओरडले मी, परत वर घ्या म्हणून! आणि तुम्ही तीनही वेळा काय म्हणालात? 'गप्प बस, पोरी.' वर हसलात!"

"अगं, मी तोंडच उघडलं नाही..."

"कॉकपिटचा रेकॉर्डर ऐका मग."

ऐकला. आवाज भावोजींचाच होता.

पण भावोजी कोणालाच पोरी म्हणत नाहीत. स्वतःच्या लेकीलाही 'बाईसाहेब' म्हणतात.

मुलीवर शिस्तभंगाची कारवाई झाली. भावोजींनी ठरवलं, बास, पुन्हा त्या पट्टीवर पाऊल ठेवायचं नाही. ताईने तर शपथच घातली. काल ते मॅनेजरला तसं सांगायला गेले.

"या, या," मॅनेजर म्हणाला. "उद्या पुन्हा तिथेच जायचंय. यावेळी को-पायलट फार गुणी दिलाय. तोंडातून चकार शब्द काढत नाही."

नाही म्हणायला भावोजींनी तोंड उघडलं...

"उत्तम," त्यांचं तोंड म्हणालं.

आणि हसलं.