नयनचं औक्षण

खरं मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे कोपरीत घडलंय. मागच्या नोव्हेंबरात, दिवेलागणीला, माणसांनी भरलेल्या घरात. पाहणारे सगळे आजही तिथेच राहतात. विषय काढला की दुसरंच काहीतरी बोलायला लागतात.

नयनचा चौथा वाढदिवस होता.

त्याचा बाबा, सुमित, मार्चमध्ये गेला. कोलशेतहून कामावरून परतताना, बाईकवर. तेव्हापासून नयनची आई, मेघना, रडली नव्हती. स्वयंपाक करायची, नयनला भरवायची, ऑफिस गाठायची. आतून मात्र सगळं बधिर.

वाढदिवसाचा घाट नणंदेनं, स्वप्नानं घातला. फुगे, केक, शेजारची पोरं. तेल लावून केस चापून बसवलेला नयन पाटावर बसला.

मेघनानं तबक उचललं.

"अगं, तू नको," चुलतसासू कांताकाकू हळूच म्हणाल्या. "सवाष्णीनं ओवाळायचं असतं. पोराच्या भल्यासाठीच सांगते."

मेघनानं तबक त्यांच्या हातात दिलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. वाद घालायलाही अंगात काहीतरी लागतं. ते तिच्यापाशी उरलं नव्हतं.

काकूंनी निरांजन पेटवलं. नयनला कुंकू लावलं. तबक पुढे धरलं...

विझलं.

"पंखा बंद करा रे!"

पंखा बंदच होता. केकवरच्या मेणबत्तीसाठी खिडक्याही लावून घेतलेल्या.

काकूंनी पुन्हा वात पेटवली. ओवाळायला हात फिरवला...

पुन्हा विझलं.

पोरांचा गोंगाट थांबला. ओवाळताना दिवा विझला तर काय समजायचं, हे मोठ्यांना सांगावं लागत नाही.

"वात ओली असेल. द्या, मी करते." स्वप्नानं नवी फुलवात घातली, वर तूप सोडलं. ज्योत छान धरली. तबक नयनच्या चेहऱ्यासमोर आलं...

या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

फूऽऽ.

"नयन, तू फुंकतोयस ना रे?" स्वप्नाचा आवाज चिरकला.

"मी नाय गं आत्या," नयन म्हणाला. "बाबा फुंकतोय. तो बोलतो, आईला दे."

काकूंच्या हातातली काडेपेटी खाली पडली.

मेघनानं ती उचलली. तिला भीती वाटली नाही. बरंही वाटलं नाही. तिनं वात पेटवली, तबक हातात घेतलं. जुनं पितळी तबक, चांगलं जड...

पण हातांना वजनच लागेना. खालून कुणीतरी धरल्यासारखं.

ती ओवाळत होती. ज्योत जराही हलली नाही.

नयन उठला, आईच्या पाया पडला. मग थोडा सरकला... आणि त्यानं तिच्या शेजारच्या मोकळ्या फरशीवर डोकं टेकवलं.

डोकं वर केलं तेव्हा त्याचे केस विस्कटलेले होते. सुमित रोज विस्कटायचा, तसे.

काकू रडल्या. स्वप्ना रडली. मेघनाला तेव्हाही रडू आलं नाही.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या घरात आता दुसऱ्या कुणाच्या हातचा दिवा टिकत नाही. देवापुढचासुद्धा नाही. परवा काकूंनी मेघनाला बाजूला घेतलं. "माझं चुकलं म्हणावं त्याला. आता जा म्हणावं. घरात लेकरू आहे गं."

"सांगते," मेघना म्हणाली.

तिनं अजून सांगितलेलं नाही. रोज दिवेलागणीला ती तेच तबक उचलून बघते...

अजून हलकंच लागतं.