समोरच्याची नाडी

सकाळी दहाला इचलकरंजीच्या तंतुवेध प्रयोगशाळेच्या दारात डॉ. पद्मजा मगदूम उतरली, तेव्हा तिची साडी झेंडूच्या रंगाची होती. जिना चढेपर्यंत ती मातकट झाली आणि रंगविभागातल्या टेबलाशी पोचेस्तोवर पार राखाडी. पदर आपोआप रुंद झाला आणि छातीवर दुहेरी घडीनं येऊन बसला. कुणीतरी मागून येऊन झाकून टाकावं, तसा.

रोज असंच व्हायचं. रोज ती मुकाट्यानं खुर्चीत बसायची. आज तिनं पिशवी टेबलावर आदळली आणि थेट संचालकांच्या खोलीत शिरली.

संचालक चिन्मय रेवणकर वयानं तिच्याहून अठरा वर्षांनी लहान. तिच्याच हाताखाली उमेदवारी करून वर गेलेला. तो उठून उभा राहिला.

“बसा ना, मॅडम.”

“बसणार नाही. ही साडी बघ. अनुवस्त्रासाठी सातशे छटा मी बनवल्या, चिन्मय. माझ्या हातानं. त्या सातशेंतली एकच माझ्या वाट्याला का येते?”

“कापड त्याचं काम करतंय, मॅडम.”

“काय काम? नीट सांग. रंग माझे, पण नाडीचं गणित तुझं. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

रेवणकरनं चष्मा पुसला. समजावून सांगायचं असलं की तो आधी चष्मा पुसायचा.

“प्रत्येक अनुवस्त्रात स्पंदतंतू विणलेले असतात. ज्याच्या अंगावर कापड आहे त्याची नाडी ते मोजतात आणि दहा पावलांच्या आतल्या दुसऱ्या अनुवस्त्रांना कळवतात. आता माझ्याकडे बघून तुमची नाडी वाढली, तर माझ्या सदऱ्याला ते लगेच समजतं. नाडी वाढली म्हणजे ताण आला. ताण आला म्हणजे डोळ्यांना काहीतरी खटकलं. मग सदरा रंग बदलतो, घडी बदलतो, कुठे सैल होतो, कुठे आवळतो. समोरची नाडी शांत होईपर्यंत. आपण बरे दिसतोय ना, ही काळजी माणसानं करायचीच नाही. ती कापडानं करायची.”

“म्हणजे झेंडूच्या रंगात मी लोकांना खटकते.”

“मी तसं म्हणणार नाही.”

“पण तुझं गणित तसंच म्हणतंय.”

“कापडाच्या मनात कुणाबद्दल आकस नसतो, मॅडम. ते फक्त आकडे बघतं.”

हे वाक्य तो दयेनं बोलला होता, आणि ती दयाच पद्मजाला झोंबली.

चौदा महिन्यांपूर्वी तिची शस्त्रक्रिया झाली होती. डावा स्तन काढला. औषधांनी केस गेले आणि परत आले ते पांढरे, आखूड, कुरळे. तिचे जन्मभर काळे, सरळ आणि लांब होते. आरशात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला चक्क हसू आलं होतं. मग तिला ते आवडायला लागले. छप्पन्नाव्या वर्षी आपलं तोंड नवीन दिसावं, ही काय वाईट गोष्ट आहे? तिनं हौसेनं मोठाले झुमके घेतले. ब्लाउज तर ती लग्नाच्या आधीपासून स्वतः बेतून शिवायची. आता एका बाजूला चुण्या घालून तिनं नवा बेत काढला आणि तो झकास जमला. आठ महिन्यांपूर्वी ती कामावर परतली. प्रयोगशाळेनं सगळ्यांना दिली तशी तिलाही अनुवस्त्राची साडी दिली. पहिल्या दिवशी तिनं मिरचीलाल रंग निवडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती राखाडी झाली होती.

मग तिनं जांभळा करून पाहिला, पोपटी करून पाहिला, साधा आकाशीही. शेवट ठरलेला. हळूहळू झुमके सुटले. चुण्यांचा ब्लाउज कपाटात गेला. लोक तोंडावर छान बोलतात, पण नाडी खोटं बोलत नाही, हे तिनं मनोमन मान्य केलं.

घरी तर याहून वाईट. नवरा जिनदत्त पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मुळातच कमी बोलणारा. संध्याकाळी तो दार उघडायचा आणि ती आत पाऊल टाकते न टाकते तोच साडी राखाडी व्हायची. प्रयोगशाळेत जिना चढेपर्यंत तरी वेळ लागायचा, घरी वीस सेकंद. त्याला आपल्याकडे बघवत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. ती न्हाणीघरात जाऊन गाऊन चढवायची आणि त्याच्याकडे पाठ करून चहा करायची.

“उद्याच्या बैठकीला तुम्ही याल ना?” रेवणकर विचारत होता. “‘सन्मानवस्त्र’ योजनेवर सही व्हायची आहे. तुमच्यासारख्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या प्रत्येक बाईला पुढच्या महिन्यापासून अनुवस्त्राच्या दोन साड्या.”

जायला निघालेली पद्मजा दारातच थबकली. “कशासाठी?”

“आधार म्हणून. चारचौघांत वावरताना कुणाचं लक्ष जाणार नाही.”

“लक्ष जाऊ नये, असं त्या बायकांनी तुला सांगितलं?”

रेवणकरनं पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

ती तशीच तळमजल्यावर गेली. तिथे रुबिना मुल्ला बसायची. अनुवस्त्रांकडून येणाऱ्या सगळ्या नोंदी सांभाळणं हे तिचं काम.

“रुबिना, आलेल्या तक्रारी काढ. राखाडी होण्याच्या. सगळ्या.”

“त्या ‘रंगदोष’ म्हणून तुमच्याच विभागाकडे पाठवल्या होत्या, मॅडम.”

“माझ्या रंगात दोष नाही. काढ.”

तक्रारी फार नव्हत्या. राखाडी झाल्याची तक्रार करायला लाज वाटत असणार. एक पोक्त गायिका होती, एक नुकताच पाय गमावलेला फौजदार होता. रुबिना वाचत गेली आणि मध्येच हसली.

“ही बघा गंमत. जयसिंगपूरची. बारशाला बाळाला अनुवस्त्राचं दुपटं घातलं होतं. गुलाबी. पाळण्याभोवती पंचवीस बायका, सगळ्या अनुवस्त्रात. दुपटं पाच मिनिटांत राखाडी झालं आणि बाळाचं तोंडसुद्धा झाकायला लागलं. आजीनं ओढून काढलं आणि आपल्याला शिव्या…”

पद्मजानं ती ओळ पुन्हा वाचली.

“पंचवीस बायका,” पद्मजा सावकाश म्हणाली. “तान्हं बाळ बघून एकीच्या तरी डोळ्यांना खटकेल का गं?”

“नाही.”

“मग नाडी कशानं वाढली?”

रुबिना यंत्राकडे वळली. तिनं भराभर आठ महिन्यांपूर्वीची नोंद उघडली. पद्मजा कामावर परतली तो दिवस, सकाळचे दहा पाच. नावं आणि आकडे रांगेनं आले. एका नावावर तिचं बोट थांबलं. ते तिचं स्वतःचं होतं. नाडी एकशे बारा.

“मॅडम, तुम्ही त्या लाल साडीत जिन्यावरून आलात ना, कानात ते एवढे मोठे झुमके, मला… मला ओरडावंसं वाटलं होतं आनंदानं. त्याचे एकशे बारा आहेत हे. आणि कापडानं ते तुमच्या विरुद्ध धरले.”

“अजून कोणाचे एकशे बारा आहेत?”

“भांडारातले तारळेकर.”

पद्मजा भांडारात गेली आणि तिनं तारळेकरांना सरळच विचारलं. बिचारे गृहस्थ घाबरले, मान खाली घालून म्हणाले, “खरं सांगू का, बाई? एवढ्या मोठ्या दुखण्यानंतर इतका भडक रंग मला बरा वाटला नव्हता. माफ करा.”

“माफी कसली? विचारलं म्हणून सांगितलंत. बरं झालं.”

आणि तिला खरोखरच राग आला नाही. तारळेकरांचं मत तारळेकरांचं. ते तोंडानं सांगितलं असतं तर तिला चार शब्द परत ऐकवता आले असते. पण एकाचा आनंद आणि दुसऱ्याची नापसंती एकाच आकड्यात कोंबून, त्यावर शास्त्राचा शिक्का मारून, तिला आठ महिने राखेत गुंडाळून ठेवलं होतं. याचा मात्र तिला संताप आला होता. नाडी प्रेमानंही वाढते, भीतीनंही, हे शाळेतलं पोर सांगेल. प्रयोगशाळेतल्या चाळीस शहाण्यांना ते विचारावंसं वाटलं नाही. तीही त्या चाळिसांतलीच होती.

ती रुबिनाकडे परत आली आणि त्या दिवसाच्या नोंदीतली सगळ्यात मोठ्या आकड्याची ओळ तिला दिसली. स्थळ घर, संध्याकाळी सात, नाडी जिनदत्तची. पद्मजानं ती नोंद बंद केली.

दुसऱ्या दिवशी ती बैठकीला कपाटातली जुनी इरकल नेसून गेली. साध्या सुताची, गर्द जांभळी, लाल काठाची. वर चुण्यांचा ब्लाउज. टेबलाभोवती बाराजण होते, बाराहीजण अनुवस्त्रात. मुख्य खुर्चीत योजनेच्या प्रमुख वसुधा कारखानीस, मोरपंखी साडीत. दिसतही देखण्या होत्या.

रेवणकरनं योजना मांडली. मग पद्मजा उभी राहिली. तिनं बारशाची गोष्ट सांगितली, रुबिनाचे आणि तारळेकरांचे आकडे सांगितले.

“कारखानीस मॅडम, सही करायच्या आधी एवढं ऐका. दुखण्यातून उठलेली बाई घराबाहेर पडते तेव्हा तिच्या माणसांचं काळीज उचंबळतं. आईचं, मुलीचं, मैत्रिणीचं. आणि ते जितकं उचंबळेल तितकी तुमची साडी तिला सांगणार, झाकून घे, तू नकोशी आहेस. जिच्यावर सगळ्यात जास्त जीव, ती सगळ्यात राखाडी. हा सन्मान तुम्ही हजारो बायकांना वाटणार आहात!”

“मॅडम, हे बैठकीत बोलायचं नव्हतं,” रेवणकर उठत म्हणाला.

“मग कुठे बोलायचं होतं? मला एकदा तरी विचारलंस, मॅडम, तुम्हाला कसं वाटतं? पहिल्या दिवशी तुझी नाडी एकशे वीस होती, चिन्मय. सर्वांत वाईट आकड्यांपैकी एक. कशानं?”

रेवणकरचा चेहरा उतरला. “माझ्या आईला हाच आजार होता,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला बघून ती आठवली.”

खोलीत चुळबुळ सुरू झाली. कुणी चिडलं होतं, कुणी ओशाळलं होतं, कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. बारा नाड्या एकदम चढल्या. आणि प्रत्येक कापडानं आपल्या गणिताप्रमाणे समजून घेतलं की खटकतोय तो आपलाच माणूस. आधी एका अधिकाऱ्याचा कोट फिका पडला, मग रेवणकरचा सदरा, मग पलीकडच्या दोघी. मोरपंखी साडीचा रंग काठाकडून आत ओसरत गेला. मिनिटभरात बाराच्या बाराजण राखाडी होऊन बसले होते, आणि मधोमध पद्मजा जांभळ्या इरकलमध्ये उभी.

कारखानीस आपल्या पदराकडे बघत होत्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “हे काय? माझं काय चुकलं?”

“काहीच नाही,” पद्मजा म्हणाली. “आठ महिने मीही हेच विचारत होते.”

सही झाली नाही. योजना रद्दही झाली नाही. ‘फेरविचारासाठी स्थगित’ असं लिहिलं गेलं. त्या सपक शब्दांवर संतापतच पद्मजा घरी आली.

जिनदत्तनं दार उघडलं. तिच्या अंगावर आज राखाडी व्हायला काही नव्हतंच. त्याचा सदरा मात्र अनुवस्त्राचा होता, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही ती कापडं मिळत. ती आत आली, पिशवी ठेवली आणि आज पाठ फिरवली नाही.

“अहो, एक विचारते. सरळ उत्तर द्या. रोज मी घरात आले की तुमची नाडी का वाढते?”

तो गोंधळला. “तुला कसं कळलं?”

“कसं का कळेना. माझी किळस येते तुम्हाला?”

“किळस?” तो जवळजवळ ओरडलाच. “तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी या दाराकडं बघत बसायचो, पद्मा. आता रोज संध्याकाळी तू त्यातून आत येतेस, तर…” तो वळून दार लावायला लागला. मग कसाबसा म्हणाला, “पण तुलाच मी नकोसा झालोय. ते काय मला दिसत नाही?”

“काय दिसतं तुम्हाला?”

“हा सदरा. सकाळी निळा असतो. तू आलीस की राखाडी होतो, रोज. वर तू पाठ फिरवतेस. म्हटलं, असेल. म्हाताऱ्या माणसाचं तोंड किती बघायचं.”

पद्मजा खुर्चीवर बसली. तिची नाडी रोज या दारात वाढायचीच. तो आपल्याकडे बघेल आणि त्याला बघवणार नाही, या भीतीनं. तिच्या भीतीनं त्याचा सदरा विझायचा आणि त्याच्या आनंदानं तिची साडी. दोघांची कापडं एकमेकांना खोटंच कळवत राहिली होती, आणि दोन शहाणी माणसं त्यांचं ऐकत बसली होती.

“आठ महिने!” ती कडाडली. “आठ महिने तुम्हाला एक अक्षर बोलता आलं नाही?”

“तुला तरी कुठं आलं?”

“काढा तो सदरा. आत्ताच्या आत्ता.”

त्यानं निमूटपणे काढला. बनियनवर उभा राहून त्यानं कपाट उघडलं, बराच वेळ खुडबुड केली आणि निवृत्तीच्या वेळी मित्रांनी दिलेला लिंबाच्या रंगाचा, मोठमोठ्या चौकड्यांचा शर्ट शोधून काढला. बटणं लावून तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

पद्मजानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“भयंकर दिसतोय,” ती म्हणाली. “अजिबात शोभत नाही तुम्हाला.”

जिनदत्तनं आरशात पाहिलं, कॉलर नीट केली आणि समाधानानं मान डोलावली.

“मला आवडला,” तो म्हणाला. “चल, फिरून येऊ.”