शेंदराखालचा जॅक

बंपरला अडकवून गाडी उचलायचे जुने अमेरिकन जॅक सगळे सारखेच दिसतात, असं ज्याला वाटतं त्यानं मार्तंडसमोर तसं बोलून दाखवू नये. दाखवलंच, तर संध्याकाळ गेली म्हणून समजावं. तशी वस्तू साधी. जमिनीवर टेकणारी बैठक, तिच्यात उभा राहणारा भोकाभोकांचा खांब आणि दांडा हलवला की त्या खांबावर कट्-कट् करत वर चढणारा आकडा. पण डॉजचा आकडा वेगळा, शेवरलेचा वेगळा, आणि एका गाडीचा दुसरीला लावला तर तो कधी दगा देईल याचा नेम नाही. विम्याचा सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या गाड्या बघण्यात मार्तंडची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. खरा भाग कुठला आणि मागाहून घुसडलेला कुठला, हे तो हात लावून सांगायचा. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला तरी हे आधी त्याच्या चपला निरखतात, असं त्याची बायको सुमती म्हणे.

धंतोलीतल्या त्यांच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये वडिलांची काळी अमेरिकन गाडी उभी होती. एकावन्नचं मॉडेल. वडिलांनी ती कुण्या मालगुजाराकडून, म्हणजे जुन्या जमीनदाराकडून, जुनीच घेतलेली. गाडीबरोबर पाने आले, पंप आला, मागच्या काचेचा पडदासुद्धा आला; जॅक तेवढा आला नाही. वडिलांनी दुसरा कधी घेतलाही नाही. पंक्चर झालं की रस्त्यावरची चार माणसं गोळा करून ते हातांनी बंपर उचलायला लावायचे आणि खाली दगड सरकवायचे. या चिक्कूपणाची घरात फार थट्टा होई. सगळे हसत, वडील मात्र हसत नसत.

वडील गेले, गाडी धूळ खात पडली. ती पुन्हा बाहेर काढली केशवनं. केशव मार्तंडचा धाकटा भाऊ, सरकारी कचेरीत कारकून. त्याची बायको प्रेमिला शहात्तर साली कावीळ होऊन गेली आणि तेव्हापासून तो ऑफिसातून आला की भिंतीकडे तोंड करून पडून राही. ताट समोर ठेवलं तर जेवे, नाही ठेवलं तर मागत नसे. मग अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याची बातमी आली. नियम असा की गाडी आतून-बाहेरून अस्सल हवी, हत्यारांच्या पेटीसकट. केशव एका रविवारी उठून शेडमध्ये गेला आणि संध्याकाळी ग्रीसनं माखलेल्या हातांनी त्यानं सुमतीवहिनीकडे चहा मागितला. सुमतीनं चहा करता करता डोळ्यांना पदर लावला. गाडी पुरी झाली तर आपला भाऊ आपल्याला परत मिळेल, असं मार्तंडला अगदी मनापासून वाटू लागलं. आता फक्त जॅक राहिला होता.

तो केशवलाच सापडला. कळमेश्वरच्या पुढे ऑफिसातल्या एका मित्राचा संत्र्याचा बगीचा होता, तिथं तो पार्टीला गेला आणि धावतच परत आला.

"दादा, तिथं शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या निंबाखाली एक देव आहे," तो म्हणाला. "देवाला भोकं आहेत. आणि आकडा आहे."

दुसऱ्या दिवशी मार्तंडच्या फियाटमधून दोघं गेले. निंबाखाली शेंदरानं लडबडलेलं एक उंच लोखंड उभं होतं. शेंदराचे थर असे जाड, की भोकं नुसती खळग्यांसारखी दिसत होती. शेत बापूजी नावाच्या वृद्ध शेतकऱ्याचं होतं. त्यांनी पाहुण्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मालगुजाराची गाडी इथं चिखलात फसली होती. गाडीवरचा क्लीनर, चंद्रभान नावाचा पोरगेला माणूस, खाली शिरला आणि जॅक सरकला.

"गाडी काढली लोकायनं," बापूजी म्हणाले, "पण त्याच्या छातीवरचं वजन काही निघालं नाही. सांजच्यानं इथं कन्हून राहायचा. मंग हे लोखंड उभं केलं, तवापासून चूप आहे. उभंच ठेवा लागते याले. आडवं केलं का वजन त्याच्यावर येते."

मार्तंडनं मान हलवली. अपघातानंतर लोक काय काय बोलतात, हे त्यानं आयुष्यभर ऐकलं होतं. केशवनं मात्र हात जोडले. दोन वर्षांत ज्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तो त्या म्हाताऱ्याकडे लोखंडाचा तुकडा मागत होता. बापूजींनी त्याचा चेहरा निरखला.

"न्या," ते म्हणाले. "पण आधी दुसरा लावा. मंगच हा काढा."

मार्तंडला गंमत वाटली. कुठलाही मिस्त्री हेच सांगेल. त्यानं फियाटचा जॅक आणून जुन्याच्या शेजारी मातीत बसवला. बापूजींनी वाकून दोन्हींची उंची बघितली.

"हा बुटका आहे गा."

"टेकू तो टेकू, बापूजी," मार्तंड म्हणाला. त्याला अंधाराच्या आत घरी पोचायचं होतं.

केशवनं जुना जॅक उपसला. जमिनीतून दबका सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. पोकळ मातीतून हवा निघते, तसा. बापूजी त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते जमिनीकडे बघत होते. फियाटमध्ये एवढा उंच खांब उभा राहीना, म्हणून तो मागच्या सीटवर आडवा टाकला. केशव त्याच्या शेजारी बसला आणि सारा रस्ताभर छाती चोळत राहिला.

घरी मार्तंडनं रॉकेलचं भांडं घेतलं आणि शेंदूर काढायला बसला. वर्षावर्षाचे थर पापुद्र्यासारखे सुटत गेले. खाली कंपनीचा काळा रंग होता, आणि इतक्या पावसाळ्यांत उभं राहूनही गंजाचा ठिपका नव्हता. बैठकीवरचा नंबर गाडीच्या मॉडेलशी जुळला. आकड्याचा वाक जुळला. केशव आनंदानं शीळ घालत बंपर पुसत होता.

आकड्याच्या ओठाला एका बाजूला टवका उडालेला होता. मार्तंडनं सवयीनं आपला छोटा आरसा घेतला आणि बंपरच्या खालची कड तपासली. तिथं जुना ओरखडा होता. त्यानं आकडा उचलून ओरखड्यावर धरला. टवका आणि ओरखडा एकमेकांत बसले, किल्ली कुलपात बसावी तसे.

हा नुसता याच मॉडेलचा जॅक नव्हता. याच गाडीचा होता.

वडील का हसत नसत, ते मार्तंडला तेव्हा कळलं. चंद्रभान याच गाडीखाली गेला होता, आणि वडिलांना ते ठाऊक होतं. पण भाऊ शीळ घालत होता, आणि ती शीळ थांबवण्याची त्याची छाती झाली नाही.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, केशवनं जॅक लावला. शेडमध्ये चांगला उजेड होता. सुमती दारात पानाचा डबा घेऊन उभी होती. दांडा खाली-वर होऊ लागला, कट्-कट् आवाज करत बंपर उचलला गेला. केशव एका हातानं दांडा चालवत होता, पाण्याचा हापसा कोरडा पडल्यावर चालावा इतका हलका.

"वजनच लागत नाहीये, दादा."

मार्तंडनं विटा लावायला सांगितल्या. केशव हसला आणि खटका फिरवून जॅक उतरवू लागला. आकडा खाली आला. बंपर आला नाही.

गाडी वरच होती. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर.

केशवनं जॅक काढून बाजूला आडवा ठेवला. मार्तंडनं गाडीभोवती फेरी मारली. काही अडकलं आहे का बघितलं, आढं बघितलं, मागची चाकं बघितली. मग टायर आणि फरशी यांच्यामधून हात फिरवला. मधे काहीच नव्हतं.

सुमती म्हणाली, "कुणीतरी धापा टाकतंय."

चकचकीत बंपरच्या खालच्या कडेवर वाफ धरत होती. विरत होती. पुन्हा धरत होती.

"तो थकलाय, दादा," केशव म्हणाला. त्याचा आवाज मायेचा होता. प्रेमिलाच्या आजारपणात तो असाच बोलायचा. "घटकाभर सुटू दे त्याला. मी धरतो."

"केशव, हात लावू नकोस."

केशव उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही तळवे बंपरखाली दिले.

वाफ विरली. पुन्हा धरली नाही.

गाडी हळूहळू, अजिबात आवाज न करता, चारी चाकांवर टेकली. केशव उठून उभा राहिला. त्याचे हात मात्र तसेच राहिले, तळवे वर, बंपरच्या उंचीला.

धंतोलीत डॉक्टरांना तोटा नाही. अख्ख्या विदर्भातून लोक तिथं येतात, यांना तर नुसता रस्ता ओलांडायचा होता. हातांत कुणाला दोष सापडला नाही. पण केशवला पलंगावर आडवं केलं की त्याचा श्वास कोंडायचा आणि छाती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली दबायची. पहिल्याच रात्री त्याची एक बरगडी मोडली. त्यानंतर त्याला कुणी आडवं केलं नाही.

मार्तंड जॅक घेऊन बापूजींकडे गेला आणि वाटेल तिथं उभा करा म्हणून त्यांच्या पाया पडला. फियाटचा जॅक पार मातीत गेला होता, वरची टोपी तेवढी दिसत होती. बापूजींनी जुना जॅक घेतला नाही.

"चंद्रभान सुटला," ते म्हणाले. "आता इथं कोणी नाही. घेऊन जा तो."

"आणि माझा भाऊ?"

बापूजींनी आत जाऊन शेंदराची पुडी आणली आणि मार्तंडच्या हातावर ठेवली. "त्याले आडवं नका करू," एवढंच ते बोलले.

प्रदर्शन होऊन गेलं. ही गाडी कुणी नेली नाही. केशवला शेडमधल्या खांबाशी, गाडीच्या समोर, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधून उभं ठेवलं जाई. तिथं त्याला जरा बरं वाटे. सुमती त्याला घास भरवी. तो एक शब्द बोलत नसे. त्याच्या तळव्यांवर आडवा वळ उमटला होता. मार्तंडनं एकदा, मन घट्ट करून, तो मोजला. बंपरच्या कडेएवढाच होता.

दसऱ्याला सुमतीनं दरवर्षीप्रमाणे गाडीची पूजा केली. झेंडूचा हार घातला, पान्यांना हळदकुंकू वाहिलं. मग कुणाला न विचारता तिनं ती पुडी सोडली, शेंदूर तेलात कालवला आणि केशवच्या कपाळाला, मग दोन्ही तळव्यांना फासला. मार्तंड तिला थांबवायला पुढे झाला, तोवर तळवे माखून झाले होते.

केशवनं खोल श्वास घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्यानं डोळे उघडून भावाकडे बघितलं आणि तो बोलला. घरात ज्या बोलीत कुणी कधी बोललं नव्हतं, त्या बोलीत.

"दादा, आधी दुसरा लाव ना गा. मंग मले काढ."

सुमतीच्या हातात अजून ओला शेंदूर होता. तीही मार्तंडकडेच बघत होती.

मार्तंडनं आपले दोन्ही हात खिशात घातले.