जावळाची माशी

"त्यातला मांगारी काय घेव नको, बाय. ता आता नदीचा हाय."

हे मला तुळसाबाईंनी सांगितलं होतं. तोंडावर. मुलाला कडेवर घेऊन मी त्यांच्या समोरच उभी होते.

आणि मी हसले होते.

पुढे वाचण्याआधी एक सांगते. मी एम.एस्सी. झालेली बाई आहे. नजर, करणी, यातलं काही मानत नव्हते. हे मी लाइक्ससाठी लिहीत नाहीये. मला मदत हवी आहे, ती कसली ते शेवटी कळेल. यातला शब्द न् शब्द आमच्या घरात घडला आहे.

जागा : काळू नदी. आंबिवली आणि टिटवाळ्याच्या मधला काठ.

आम्ही ठाण्याच्या कोपरीहून आंबिवलीला राहायला आलो ते जागा मोठी मिळाली म्हणून. सासू-सासरे ठाण्यातच राहिले. इथे मी, माझा नवरा सलिल आणि आमचा ऋतुराज. ऋतू तेव्हा वर्षाचाही नव्हता.

बाल्कनीतून झाडांची एक रांग दिसायची. त्या झाडांमागे नदी.

सलिलला मासेमारीचं वेड. पण आपल्यासारखं गांडूळ लावून बसणं नाही. कंपनीने त्याला स्कॉटलंडला पाठवलं होतं, तिथे तो ट्राउट धरायला शिकला. गळाला पिसं आणि केस बांधून खोटी माशी बनवायची. ती पाण्यावर अशी टाकायची, की माशाला वाटावं खरंच किडा पडला. धरलेला मासा परत सोडून द्यायचा.

काळूत कुठली ट्राउट! पण याला चैन पडेना. रविवारी सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहून ती जाड पिवळी दोरी डोक्यावरून पुढे-मागे, पुढे-मागे. काठावरची माणसं त्याला 'चाबूकवाला' म्हणायची. एक आजोबा तर दर वेळी विचारायचे, "काय साहेब, मासे धरताय का माशा हाकलताय?"

मासा मात्र एकही लागत नव्हता.

चैत्रात आम्ही ऋतूचं जावळ त्याच नदीवर काढलं. तुळसाबाईंच्या भाजीच्या मळ्यातून पाण्यापर्यंत वाट जाते. आम्ही त्यांच्याकडूनच भाजी घ्यायचो, म्हणून त्यांनी जाऊ दिलं. माझा भाऊ केदार मांडी घालून बसला, मामाच्या मांडीवर ऋतू. न्हाव्याने केस उतरवले, सासूबाईंनी ते कणकेच्या गोळ्यात झेलले. तो गोळा नदीत सोडायचा, अशी आमच्याकडे रीत आहे.

सोडायच्या आधी सलिलने गोळ्यातून चिमूटभर केस ओढून घेतले.

"अरे, काय करतोस?" सासूबाई ओरडल्या.

"आठवण गं आई. तिकडे लोक फ्रेम करून ठेवतात."

तेव्हा तुळसाबाई बोलल्या. मघाशी लिहिलं ते. मी हसले, आणि माझ्याच रुमालात ते केस गुंडाळून घेतले.

पावसाळा आला. नदी लाल झाली. सलिल घरात अडकला आणि जेवणाच्या टेबलावर माश्या बांधत बसला. छोट्या शिकंज्यात गळ पकडायचा, चिकनवाल्याकडून आणलेली कोंबड्याच्या मानेची पिसं लावायची, वरून दोरा गुंडाळायचा. डबी भरली.

एके दिवशी मी पाहिलं... शिकंज्यात एक वेगळीच माशी होती. तपकिरी. मऊ. तिला पिवळा दोरा.

"हे कसले केस?"

"ओळख ना," तो म्हणाला. "ऋतूचे. इतके बारीक केस कुठल्याच जनावराचे नसतात गं. पाण्यावर बघ कशी तरंगेल."

मला ते पटलं नाही. पण मी म्हटलं एवढंच, "उरलेले तरी नीट ठेव."

दसऱ्यानंतर पाणी निवळलं. पहिल्याच रविवारी सलिलचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"लागला! अगं, खवल्या मासा लागला! मोठा! आणि लगेच दुसरा!"

मी फोन तसाच खाली ठेवला. कारण तेव्हा ऋतू जोरात रडत होता.

खेळता खेळता एकदम किंचाळला होता. उजव्या गालाला हात लावून.

मला वाटलं, दात येतायत.

पुढच्या रविवारी परत तेच. आठवडाभर मूल हसतं-खेळतं. आणि रविवारी सकाळी, बाबा नदीवर गेला की... गाल.

मी टॉर्च लावून तोंडात पाहिलं. गालाच्या आतल्या बाजूला एक लाल ठिपका होता. टाचणी टोचल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, काहीतरी तोंडात घातलं असेल, लक्ष ठेवा. मी दिवसभर लक्षच ठेवत होते हो. दुसरं काय करत होते?

मग एका रविवारी सलिलने नदीवरून व्हिडिओ कॉल केला. फोन दगडावर टेकवला, म्हणाला, "ऋतू, बाबा बघ!" ऋतू माझ्या मांडीवर होता. टाळ्या वाजवत होता.

स्क्रीनवर दोरी पुढे गेली. मागे आली. पुढे गेली.

पाण्यावर एक छोटासा ठिपका पडला.

पाणी फुटलं...

सलिलने काठी उचलली.

आणि माझ्या मांडीवर ऋतूचा गाल वर उचलला गेला.

कुणी आतून आकडा लावून ओढावा, तसा. ओठाचा कोपरा ताणला गेला. एक दात दिसला. मग तो किंचाळला.

"काढ ती! सलिल, काढ ती माशी!"

तो घरी आला तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग अगदी प्रेमाने म्हणाला, "अगं, तुझी झोप होत नाहीये. आईला बोलावू का थोडे दिवस?"

मी भांडले. रडले. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, ती नाही लावणार. शपथ."

पण बाकीच्या माश्यांना त्या नदीत कुणी विचारत नव्हतं. आणि त्याला नाद लागला होता.

नोव्हेंबरमधली एक संध्याकाळ. ऊन अजून भिंतीवर होतं. सलिल लवकर लॉगआउट करून "जरा चालून येतो" म्हणून गेला होता. ऋतू हॉलमध्ये ठोकळ्यांशी खेळत होता, मी कणीक मळत होते.

तेव्हा तो आवाज आला.

कर्रर्र... कर्रर्र...

मला हा आवाज पाठ होता. सलिलच्या काठीच्या चाकाचा. मासा दोरी घेऊन पळाला की चाक फिरतं, तसा वाजतो.

मला वाटलं सलिल आला. हॉलमध्ये गेले. दार बंद होतं.

ऋतू बसला होता. तोंड उघडं.

आवाज त्याच्या तोंडातून येत होता.

त्याची जीभ हलत नव्हती. ओठ हलत नव्हते. आणि आतून... कर्रर्र...

मग तो सरकला.

बसल्या बसल्या. टाइल्सवरून. गाल पुढे, मान वाकडी, बाल्कनीच्या दिशेने. तो रडतही नव्हता. माझ्याकडे बघत होता फक्त.

मी झेप घेतली. कमरेला धरलं. मीसुद्धा त्याच्यासोबत ओढली गेले. बाल्कनीच्या दाराच्या चौकटीला दोन्ही पाय रोवले, तेव्हा थांबलो. पिठाच्या हातानेच गाउनच्या खिशातून फोन काढला. सलिलच्या कानात नेहमी इअरफोन असतो, नशीब माझं.

"आत्ता नको गं!" तो धापा टाकत होता. "प्रचंड आहे! काठी मोडेल असं वाटतंय!"

"दोरी काप!"

"अगं, असा मासा आयुष्यात..."

"सलिल, ऋतू ओढला जातोय! काप!"

माझा आवाज ऐकून असेल, की मागून ते कर्रर्र त्यालाही ऐकू गेलं असेल. त्याने कापली.

ऋतू माझ्या अंगावर कोसळला.

मी त्याचं तोंड पुसलं. हाताला हिरवं लागलं. शेवाळ. नदीचा वास.

सलिल आला तेव्हा त्याच्या तळहातावर दोरीचे वळ होते. तो ऋतूला उचलून घेऊन भिंतीला टेकून बसला.

"तो मासा नव्हता."

"मग?"

"मासा पळतो गं. इकडे जातो, तिकडे जातो. हे एका जागी होतं. नुसतं ओढत होतं. विहिरीतून कळशी शेंदतात ना... एक हात. थांब. दुसरा हात. तसं."

त्यानंतर त्याने मला 'झोप होत नाही' असं कधीही म्हटलं नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही तुळसाबाईंकडे गेलो. उरलेले केस घेऊन. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत.

"काय करायचं, मावशी?" मी विचारलं.

"माना काय ठाव? माझे सासूनं माना येवराच सांगला व्हता, घेव नको. घेतल्यावर काय करायचा ता तिनं पन नाय सांगला." मग ऋतूकडे न बघता म्हणाल्या, "केस सोरा. पन जी माशी गेली ती गेली."

आम्ही नव्या कणकेत केस घालून गोळा पाण्यात सोडला.

तो तरंगला. आणि प्रवाहाच्या उलट, काठाकडे परत आला... माझ्या पायाशी.

सलिलने लांब बांबूने ढकलला, तेव्हा गेला.

घरी येऊन त्याने सगळ्या माश्या कचऱ्यात टाकल्या. काठी पिशवीत घालून माळ्यावर. थंडीचे दिवस शांत गेले. ठिपका भरून आला. ऋतू बोलायला लागला. बाबाला 'छलिल' म्हणायचा आणि आम्ही हसायचो. मला वाटलं, संपलं.

आता फाल्गुन आहे. नदीचं पाणी उतरलंय. खडक उघडे पडलेत.

गेल्या आठवड्यात मी ऋतूला भरवत होते. भर दुपारी. वरणभाताचा घास त्याच्या ओठाशी नेला...

गाल हलला.

मी ताट टाकून आतल्या खोलीत धावले. सलिल लॅपटॉपसमोर बसला होता, ऑफिसच्या कॉलवर. माळ्यावर बघितलं. काठी पिशवीत तशीच. धूळही हललेली नाही.

सलिलने कॉल बंद केला. ऋतूसमोर गुडघ्यावर बसला. मी ऋतूला फिरवून पाहिलं. भिंतीकडे तोंड केलं, तर डावा गाल. खिडकीकडे केलं, तर उजवा. ओढ नेहमी नदीच्याच बाजूला.

"कुणाला तरी सापडली," सलिल हळूच म्हणाला. "पाणी उतरलं की मुळांमध्ये, खडकात अडकलेले गळ वर दिसतात. गळ टाकणारा माणूस असा गळ कधीच सोडत नाही. मीही नाही सोडत. पुसायचा आणि आपल्या डबीत टाकायचा."

त्या दिवशी तो काठाने फिरला. भेटेल त्याला विचारलं. कुणी हसलं, कुणी नाही म्हणालं. तुळसाबाईंच्या दाराला कुलूप होतं. मळ्याच्या वाटेवर आता काटेरी कुंपण घातलंय.

आम्ही कोपरीला सासूबाईंकडे आलो. वाटलं, इतक्या लांब नाही पोचणार.

पोचतं. गाल कल्याणच्या दिशेला, म्हणजे नदीकडेच जातो.

म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरात कुणी गळ टाकायला जात असेल, नवरा, वडील, दीर, कुणीही... कल्याण, आंबिवली, टिटवाळा, शहाड, कुठेही... तर त्यांची डबी उघडून बघा. छोटा गळ. त्यावर मऊ तपकिरी केस. पिवळा दोरा. दिसली तर पाण्यात टाकू नका. जाळूही नका, जाळल्यावर काय होईल मला माहीत नाही. कोरड्या कापसात ठेवा आणि मला मेसेज करा. मी येईन. कुठेही येईन.

आणि आज त्यांच्यापैकी कुणी नदीवर गेलं असेल, तर आत्ता फोन करा. आत्ता. एवढंच सांगा, दोरी सैल सोड.

कारण सकाळपासून ओढ थांबलेली नाही. सलिल शेजारीच बसलाय, ऋतूच्या गालावर बोट ठेवून. मघाशी मी त्याला विचारलं, "कोण आहे रे? शिकाऊ आहे का कुणी?"

तो मान हलवून म्हणाला, "काठीने ओढलं की एक झटका येतो गं. इथे झटका नाही. एक हात... थांब... दुसरा हात."

मी तरी देवाला हेच मागतेय, की तुमच्याच घरातलं कुणीतरी असू दे. कुणाचे तरी बाबा, टोपी घालून, काठावर. तुम्ही उठून बघा ना जरा. फोन करून बघा. ते नदीवरच आहेत, एवढं मला कळू दे.

कारण आज नदीवर कुणीच नसेल, तर...

ऋतू माझ्या मांडीवर आहे. मी दोन्ही हातांनी धरलंय, हे सगळं मी सांगतेय आणि सासूबाई टाइप करतायत.

तो रडत नाहीये. मघापासून एकच म्हणतोय.

"आई, धल. अजून धल."